एकशेसाठच्या बोलीवर

मिठाच्या खात्यात तीस वर्षं नोकरी केलेल्या त्या माणसाच्या घरात मीठ नव्हतं. चिमूटभरसुद्धा नव्हतं. "नाकातोंडातून आत गेलंय तेवढं जन्माला पुरेल," असं म्हणून ते आल्यागेल्यापुढे अळणी पोहे ठेवायचे. माजिवड्याची माणसं त्यांच्याकडे जाताना कनवटीला मिठाचा खडा लावून जात आणि त्यांची पाठ वळली की पोह्यांवर चुरडत. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन घास कसेबसे गिळले, तिसरा हातात धरून बसलो.

"काय, आवडले नाहीत?" त्यांनी विचारलं.

"छे छे, फारच उत्तम झालेत," मी म्हटलं.

त्यांनी आणखी वाढले. नको तिथे तोंड उघडायची माझी खोड त्यांना तिथेच कळली असावी.

मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत उमेदवार होतो. म्हणजे काम कारकुनाचं, पगार नाही, आणि बोलणी सगळ्यांची. ते पेन्शनीत निघून माजिवड्याला मिठागरांच्या जवळ एक लहानसं घर घेऊन राहिले होते. बायको पूर्वीच गेलेली, मूलबाळ नाही. सगळे त्यांना काका म्हणत. मीही म्हणू लागलो. ते मात्र मला नावाने हाक मारत नसत. मला म्हणत, "कचेरी." "या कचेरी. बसा कचेरी." एकट्या माणसावर एवढी मोठी इमारत ठेवल्यासारखं वाटायचं.

दर रविवारी दुपारी त्यांच्या अंगणात चिंचेखाली चटई पडायची आणि तीनशेचारचा डाव बसायचा. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळणारे चौघे; समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. सत्तीपासून एक्क्यापर्यंतची बत्तीस पानं तेवढी खेळात. प्रत्येक पानाला ठरलेले गुण, सगळे मिळून तीनशेचार. आधी चार-चार पानं वाटायची आणि तेवढ्यावरच बोली करायची, की आम्ही इतके गुण करू. ज्याची बोली वरचढ, त्याने आपल्या मनातल्या हुकुमाचं एक पान पालथं ठेवायचं, मग उरलेली पानं वाटून खेळायचं. बोलीइतके गुण झाले नाहीत तर पडला.

या खेळात सगळ्यात मोठा गुलाम. त्याच्या खाली नव्वी. राजाला तीन गुण, राणीला दोन. काका पानं पिसता पिसता म्हणायचे, "राणीच्या राज्यात राणीची किंमत दोन!" आणि मी सरकारी उमेदवार असल्यामुळे घाबरून कुंपणाकडे बघायचो. माजिवड्याचे मिठागरवाले आणि मी एका चटईवर बसतो, याबद्दल माझ्या मामांनी एकदा कुरकुर केली, तेव्हा काका म्हणाले, "मामांना सांगा, ज्या खेळात गुलाम राजाच्या उरावर बसतो, तिथे वेगळे पाट कुठून मांडू?"

त्यांचा पत्त्यांचा जोड मुंबईहून आणलेला विलायती. दर रविवारी खेळाआधी ते प्रत्येक पानाला रांगोळीच्या शिरगोळ्याची पूड चोळायचे, म्हणजे पान चटकन सरकतं. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची वीस पानं वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवली होती. चौकटची पंजी म्हणजे तूरडाळ, किलवरची चव्वी म्हणजे गूळ. बदामची दुर्री लावलेला डबा रिकामा होता. मी विचारलं तर म्हणाले, "तो मिठाचा."

पानं हातात आली की ते एकदाच बघत. मग चारी पानं पालथी करून मांडीखाली सरकवत आणि दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहत बसत. मी माझी पानं डावात पन्नास वेळा उघडून बघायचो, न जाणो मधल्या वेळात सुधारली असतील. एकदा मी ऐटीत दोनशेची बोली केली, हुकूम पालथा ठेवला आणि तिसऱ्या हाताला कुठलं पान ठेवलं तेच विसरलो. इस्पिक की किलवर? घामाघूम झालो. काका शांतपणे म्हणाले, "उचलून बघा की. तुमचंच पान आहे, कचेरीचं दप्तर नाही, हरवायला."

पण त्यांची खरी विद्या होती ती दुबळ्या बोलीची.

पहिली बोली ज्याच्याकडे येते त्याला सुटका नसते. हातात काही असो-नसो, निदान एकशेसाठ म्हणावंच लागतं. त्यामुळे "एकशेसाठ" हा शब्द बहुतेक वेळा रडवेल्या आवाजात ऐकू येई. आता पुढच्याने काय करायचं? त्याच्यावर चढायचं, की "चालू द्या" म्हणून त्याला त्याच्या बोलीत बुडू द्यायचं? माझं उत्तर ठरलेलं होतं. हातात एक गुलाम दिसला की मी एकशेसत्तर ओरडलोच. कचेरीत आठवडाभर कुणी माझं ऐकत नसे. रविवारी तरी कुणाच्या तरी वर बोलायला मिळतंय, हे सुख मी का सोडू?

काका म्हणायचे, "एकशेसाठवर चढण्याआधी आपली पानं बघू नका. ती तर बघितलेलीच आहेत. आपल्यामागे कोण बोलणार आहे ते बघा. तुम्ही तोंड उघडलंत की त्याचं काम सोपं होतं."

मी मान डोलवायचो आणि पुढच्या डावाला एकशेसत्तर म्हणायचो.

ही विद्या ते नोकरीतही वापरत. एकदा मिठाच्या गोऱ्या साहेबाने त्यांना बोलावून अगदी हळू आवाजात म्हटलं, "तुमच्याविरुद्ध अर्ज आला आहे. मिठागरावरच्या चौकीवर पत्ते खेळता म्हणे." काका उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. साहेबाने वाट पाहिली. मग म्हणाला, अर्जावर सही नाही. मग म्हणाला, अर्ज लिहिणाऱ्याचा हेतू बरा दिसत नाही. मग म्हणाला, उन्हातान्हात चौकीवर बसणं किती कठीण आहे हे मी जाणतो. शेवटी त्याने अर्ज स्वतःच फाडला. "साहेबाची बोली एकशेसाठची होती," काका सांगायचे, "आणि माझ्या हातात तर सत्ती-अठ्ठीसुद्धा नव्हती. बोललो असतो तर तिथेच पडलो असतो." मी हीच युक्ती आमच्या हेडकारकुनावर करून पाहिली. गप्प उभा राहिलो. तो म्हणाला, "बहिरा झालास काय?" आणि माझी रविवारची सुटी गेली.

आता चटईवरचे बाकीचे दोघे. ते सख्खे भाऊ, काकांच्या शेजारचे. दोघांची मिठागरं खाडीच्या काठाला लागून. घर एक, अंगण एक, पण अंगणाच्या मधोमध कुडाचं कुंपण आणि घरातही तसंच कूड. अकरा वर्षं त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. कारण काय, तर उघाडी. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायची-अडवायची जी झडप, ती उघाडी. उधाणाच्या एका रात्री ती उघडीच राहिली आणि मोसमभर पिकवलेलं मीठ सकाळी पाणी होऊन खाडीत गेलं. थोरला म्हणाला, बंद करायची पाळी धाकट्याची. धाकटा म्हणाला, थोरल्याची. पाळी कुणाची ते आधी विचारून घ्यावं, हे दोघांनाही सुचलं नव्हतं. नंतर विचारायला तोंडच राहिलं नाही.

तरी दोघे रविवारी चटईवर यायचे. दोघांनाही काकांनी चौकीवर पोरवयात हा खेळ शिकवलेला. मी का येणं सोडू, त्याने सोडावं, असं प्रत्येकाचं म्हणणं. म्हणून कुणीच सोडलं नाही. मी आलो तेव्हा ते एकमेकांच्या विरुद्ध बाजूला खेळत. बोलीच्या आकड्यांपलीकडे एक शब्द नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी काकांनी एकाएकी जागा बदलल्या. "मला इकडून वारा लागतो," म्हणाले. वारा कुठेच नव्हता. आता थोरला आणि धाकटा समोरासमोर, म्हणजे भिडू झाले, आणि मी काकांचा भिडू झालो. बोली फिरायची ती थोरला, मी, धाकटा, काका अशी. मला वाटलं, माझा खेळ सुधारला म्हणून काकांनी मला भिडू घेतलं. ही बातमी मी कचेरीत चौघांना सांगितली.

काकांच्या चटईवर एक नियम फार जुना होता. विरुद्ध बाजूच्या बोलीवर कुणीही खुशाल चढावं. पण आपल्याच भिडूच्या बोलीवर चढायचं असेल, तर आधी त्याला हाक मारून विचारायचं, "मी घेऊ का?" तो "घे" म्हणाला तरच दोनशेची बोली करायची. "दोघांनी पालखी उचलली असली तर खांदा बदलताना सांगावं लागतं," असं ते म्हणत.

मग एक विलक्षण खेळ सुरू झाला. थोरला पडक्या आवाजात एकशेसाठ म्हणायचा. धाकट्याच्या हातात गुलाम-नव्व्यांची रास असायची. पण विचारायचं कसं? दात-ओठ खाऊन तो "चालू द्या" म्हणायचा आणि दोघे मिळून पडायचे. उलट बाजूने तेच. धाकट्याच्या एकशेसाठवर थोरला कोंडून घेतल्यासारखा गप्प. जिंकायची पानं हातात घेऊन दोघे भाऊ रविवारच्या रविवार हरत होते.

फक्त थोरला बोलला की मध्ये मी होतो. मी एकशेसत्तर म्हटलं की धाकट्याचा चेहरा उजळायचा. आता त्याला भावाला विचारायची गरजच नाही! माझ्या बोलीवर, म्हणजे परक्याच्या बोलीवर, तो ताड्कन "एकशेऐंशी" म्हणायचा आणि डाव घेऊन जायचा. काका माझ्याकडे बघत, तपकिरीची चिमूट ओढत आणि म्हणत, "मागे कोण बसलंय, कचेरी?"

मी समजलो, मी कमी बोलतोय म्हणून रागावलेत. मी एकदम एकशेनव्वदवर जाऊ लागलो.

शिवाय एक गोष्ट मला खटकायची. धाकट्याच्या एकशेसाठवर काका स्वतः कधीच चढत नसत. मी एकदा डावानंतर त्यांची पानं पाहिली. तीन गुलाम होते. तीन! आणि हा माणूस "चालू द्या" म्हणाला होता. मला वाईट वाटलं. म्हातारपण आलं, हिंमत गेली, असं मी मनात म्हटलं. मनातच ठेवलं असतं तर बरं. मी ते थोरल्याच्या बायकोजवळ बोललो.

ती कुंपणाशी सुकी मासळी पालथी करत होती. तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

"ओ कचेरीवाले, म्हातारा भ्याला नाय. तुमाला अक्कल नाय."

"का हो वहिनी?"

"माझे दिराचे पोरीचा लगीन आयलाय वैशाखान. मांडवाची पयली मेढ घरातले थोरल्यानी रोवाची, आमची रीत हाय. त्यानी रोवली नाय त मांडव नाय. दीर सांगाचा नाय, न माझा घो सांगितल्याबिगर जाचा नाय. पोर या कुडातशी त्या कुडात रडत फिरते. म्हातारा तीन महिने भावाभावांना बोलतं कराया बसलाय, न तुमी दर खेपेला मधी एकशेसत्तर! एकशेसाठला गप रायलं त सरकार काय तुमाला फाशी देतंय?"

मी तिथेच उभा राहिलो. डोळ्यांपुढे एकेक रविवार आला. एकेका एकशेसत्तरला मी त्या धाकट्याला पळवाट काढून देत होतो. ज्या माणसाला मी भित्रा ठरवलं होतं, तो तीन गुलाम मांडीखाली दाबून बसला होता, आणि मी एका गुलामावर कोंबड्यासारखा आरवत होतो.

तसाच काकांकडे गेलो. "काका, मला आधीच का नाही सांगितलंत?"

ते पानांना पूड चोळत होते. "भिडूला खूण करत नसतात."

"खूण नव्हे, नुसतं सांगायचं!"

"सांगणं म्हणजे मोठ्याने केलेली खूण," ते म्हणाले, आणि पुढचं पान उचललं.

मेढ गुरुवारी रोवायची होती. त्याआधीचा तो शेवटचा रविवार. धाकटा गळ्यापर्यंत दाढी वाढवून आला होता. थोरला चटईकडे बघतच बसला. पहिले दोन डाव असेतसेच गेले. तिसऱ्याला बोली थोरल्यावर आली. त्याने चार पानं पाहिली, उसासा टाकला.

"एकशेसाठ."

मी माझी पानं उचलली. देवाला माझी चेष्टा करायची हुक्की आली असावी. इस्पिकचा गुलाम, इस्पिकची नव्वी, इस्पिकचा एक्का, आणि वर बदामचा गुलाम. असा हात मला त्याआधी आला नव्हता आणि पुढे आजतागायत आलेला नाही. याच्यावर डोळे मिटून दोनशेवीस बोलावं. जीभ टाळूला लागली. एकशे... इथपर्यंत आवाज बाहेर आला.

"काय?" थोरल्याने विचारलं.

"एकशेसाठच ना, म्हटलं?" मी म्हणालो. "चालू द्या."

माझ्या तोंडून हे दोन शब्द कधी कुणी ऐकले नव्हते. धाकटा चमकला. त्याने माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिली, जणू मी विसरलोय आणि आता आठवून बोलेन. मी चिंचेच्या शेंगा मोजू लागलो. काकांनी तपकिरीची डबी उघडली, पण चिमूट घेतली नाही.

धाकट्याने पानं मिटली. पुन्हा उघडली. कपाळावरून हात फिरवला. पलीकडे कुंपणाआड मासळी पालथी करायचा आवाज थांबला होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. चाळीस शेंगा झाल्या होत्या.

"दादूस," तो खाली बघूनच म्हणाला. आवाज इतका घोगरा, की मला आधी वाटलं कोणीतरी खोकलं. "दादूस... मी घेव का?"

थोरल्याने मान वर केली नाही. हातातली पानं मात्र मिटली.

"घे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "घे रं बारक्या. मना काय इचारतंस! माझे हातान हाय काय?"

"दोनशे!" धाकटा ओरडला, आणि त्याने हुकूम पालथा ठेवला तो चटईवर थाप मारून.

अर्थात ते पडले. पडणारच. इस्पिकचा अख्खा राजवाडा माझ्या हातात होता. आमचेच एकशेवीस गुण झाले. शेवटचं पान पडलं आणि थोरला उसळला.

"अरं, हुकूम आदी का नाय काढलास?"

"कसा काढू? तू बदाम कनाला उतरलास?"

"नाय त काय उतरू? सत्ती?"

"व्हय, सत्ती! तेवढी तरी अक्कल पायजे!"

"मना अक्कल शिकवतंस? बोटाला धरून मी तुना पत्ते शिकवले!"

"तू? काकांनी शिकवले!"

असे भांडत भांडत ते उठले, चपला एकमेकांच्या घातल्या, आणि कुंपणापर्यंत गेले. तिथे दोघांची दारं वेगळी होत होती. ते उभेच राहून भांडले. मग धाकटा काहीतरी हळू बोलला. थोरला म्हणाला, "मंग? मेढ काय तुजा सासरा रोवल काय?"

मी विजयी वीरासारखा काकांकडे वळलो. वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. त्यांनी मी जिंकलेले हात उलटून त्यातली माझी पानं बघितली. दोन गुलाम, नव्वी, एक्का. एकेक करून चटईवर मांडली.

"हे घेऊन गप्प बसलात?" ते म्हणाले.

"बसलो."

"फार जड गेलं असेल."

"फार."

"हं," ते म्हणाले, आणि पानं गोळा करू लागले. तेवढंच. पण त्या दिवशी पोहे वाढले ते त्यांनी माझ्यासाठी शेजारून मीठ मागून आणून.

लग्न थाटात झालं. मांडवाला जागा हवी म्हणून अंगणातलं कुंपण उपटलं, ते पुन्हा कुणी घातलं नाही. मांडव उतरल्यानंतरच्या रविवारी मी ठाण्याहून बांधाबांधाने घाईघाईने आलो. चटई पडली होती, पानांना पूड लागली होती. भाऊ आले नव्हते. तासभर वाट पाहिली.

"अजून लग्नाचा शीण असेल," मी म्हटलं.

"ते आता कशाला येतील?" काका म्हणाले. "घरीच खेळतात. दोघे ते आणि दोघी जावा. चौघे झाले की."

मला तेव्हा उमगलं. चौकीपासून चालत आलेला वीस वर्षांचा हा डाव, आठवड्यातली त्यांची एकुलती एक सोबत. जागा बदलल्या त्याच दिवशी हे असं संपणार, हे त्यांना ठाऊक असणार.

"मी ठाण्याहून दोन भिडू घेऊन येतो, काका."

"आणा. पण आधी ऐका."

पलीकडून आवाज येत होते. पत्त्यांवरून सुरू झालेलं भांडण केव्हाच उघाडीवर पोचलं होतं.

"...त्या रातीला पाळी कुनाची व्हती, सांग!"

"तुजी व्हती!"

"माजी कशी? आदल्या उधाणाला मीच बांदलीवती!"

काका डोळे मिटून, गाणं ऐकावं तसे ऐकत होते. "काय सुरेख भांडतात," ते म्हणाले. मग हळूच, "पाळी थोरल्याची होती. मी चौकीवर होतो. संध्याकाळी तो उघाडीपर्यंत आला, कुणीतरी हाक मारली, तसाच परत फिरला. आणि रात्री पाणी चढताना मलाही डुलकी लागली."

मी थक्क झालो. "तुम्हाला माहीत होतं? अकरा वर्षं? मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर धाकटा जिंकला असता. मग थोरल्याने त्याला तोंड दाखवलं असतं का?"

पलीकडे आवाज चढला. धाकटा शपथा घेत होता, थोरला खोटं पाडत होता, बिचाऱ्या धाकट्याची बाजू खरी असून त्याला ती सिद्ध करता येत नव्हती. मला राहवेना. मी पायात जोडा सरकवला.

काकांनी माझ्या उपरण्याचं टोक घट्ट धरलं.

"बसा खाली, कचेरी," ते म्हणाले. "निघालात पुन्हा मध्ये बोलायला?"